जुन्या गाडीत ट्रकचं इंजिन: हिशेब कुठून सुरू करायचा?

आजचा विषय गॅरेजमधला आहे, पण तो घराच्या खर्चाचा आणि घरच्यांच्या सुरक्षिततेचाही आहे. दारात एखादी जुनी गाडी उभी असते. बॉडी ठणठणीत, सीट चांगल्या, पण इंजिन बसलेलं. मग कोणीतरी सुचवतं, "ब्रेकर्स यार्डात ट्रकचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळेल, तेच बसवून टाका." घरात हातात पाना धरायची हौस असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर विषय लगेच रंगतो.

हे काम होऊ शकतं, जगभर लोक करतात. पण आयर्लंडमध्ये या हिशेबात इंजिनाची किंमत हा बहुतेक वेळा सगळ्यात लहान आकडा असतो. म्हणून यार्डात जाण्याआधी घरातली एक वस्तू बाहेर काढा: गाडीचं लॉगबुक. त्यातली पहिल्या नोंदणीची तारीख बघा.

1 जुलै 2008 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा मोटर टॅक्स इंजिनाच्या सीसीवर ठरतो. समजा तुमची गाडी 2002 ची, दोन लिटरची आहे. तिचा वर्षाचा टॅक्स सध्या 710 युरो. तिच्यात इसुझूच्या हलक्या ट्रकमधलं 4जेबी1 हे 2,771 सीसीचं इंजिन बसवलं, तर टॅक्स होतो 1,391 युरो. आणि अमेरिकेत अशा कामासाठी लोकप्रिय असलेलं कमिन्सचं 3.9 लिटरचं 4बीटी बसवलं, तर 1,809 युरो. म्हणजे दरवर्षी 1,099 युरो जास्त, पाच वर्षांत साडेपाच हजारांच्या आसपास. इतक्या पैशांत धडधाकट जुनी गाडी येते.

गाडीला 30 वर्षं पूर्ण झाली असतील, तर चित्र उलटं होतं. तेव्हा टॅक्स वर्षाला सरसकट 56 युरो, इंजिन कितीही मोठं असो. जुलै 2008 नंतरच्या गाड्यांचा टॅक्स कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर आहे, आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्स इतकं गुंतलेलं असतं की कमी बजेटात त्या वाटेला न गेलेलंच बरं. थोडक्यात, 30 वर्षांवरची गाडी असेल तरच पुढचा विचार करण्यात अर्थ आहे.

आता इंजिन मावण्याबद्दल. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि ती पुढच्या चाकांवर चालते. ट्रकचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि ताकद मागच्या चाकांना देतं. त्यामुळे अशा छोट्या गाड्या इथेच बाद होतात. उरतात त्या जुन्या लँड रोव्हर, जुन्या मर्सिडीज, जुन्या व्होल्व्हो अशा गाड्या. तिथेही वजन आडवं येतं. 4बीटी एकटं साधारण 340 किलोचं आहे. गाडीच्या नाकावर एवढा भार पडला की पुढच्या स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्टीअरिंग आणि ब्रेक या सगळ्यांचा नव्याने विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. ट्रकचं इंजिन कमी फेऱ्यांमध्ये जोर देतं. 4बीटीसारखं इंजिन मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही. इथल्या मोटरवेवर मर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे, आणि त्या वेगाला पुष्कळ जुन्या गाड्यांची इंजिनं तीन हजारांच्या वर फिरत असतात. म्हणून गिअरबॉक्स किंवा मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर बदलावं लागतं. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला अडॅप्टर प्लेट, नवी माउंटिंग, मोठा रेडिएटर आणि डिझेल टाकीकडे परत नेणारी वेगळी नळी लागते. यातलं प्रत्येक काम एका संध्याकाळचं वाटतं आणि दोन आठवडे खातं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ब्रेक. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना जी पोकळी तयार करतं, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. म्हणून पेडल हलकं लागतं. डिझेल इंजिनात अशी पोकळी पुरेशी तयार होत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. हलक्या ट्रकच्या इंजिनावर तो बहुधा असतो. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात, त्यामुळे त्या इंजिनावर कॉम्प्रेसर असतो, व्हॅक्यूम पंप असेलच असं नाही. तो नसेल तर गाडी सुरू होईल, धावेल, पण ऐन वेळी पेडल दगडासारखं कडक लागेल. मागच्या सीटवर मुलं बसणार असतील, तर हे काम पहिल्या दिवशीच्या यादीत हवं.

चौथी गोष्ट वीज आणि वायरिंग. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची, गाडीची 12 ची. स्टार्टर आणि अल्टरनेटर बदलावे लागतात. जुनं, यांत्रिक इंजेक्शन पंपाचं इंजिन असेल तर काम सोपं असतं. बऱ्याच पंपांना डिझेल सोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या सोलेनॉइडची एक वायर पुरते. कॉमन रेल इंजिन घेतलंत, तर त्याचा संगणक, किल्ली, इमोबिलायझर आणि सेन्सर असा सगळा संसार सोबत आणावा लागतो. बजेट कमी असेल तर यांत्रिक पंपच बघा.

कागदपत्रांची वेळ काम झाल्यावर नव्हे, काम ठरवतानाच येते. इंजिन परवानाधारक यार्डातून घ्या आणि पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या. इंजिन बदलल्यावर आरएफ 111 हा फॉर्म मोटर टॅक्स ऑफिसला द्यावा लागतो. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, कारण न सांगितलेल्या बदलामुळे दाव्याचे पैसे अडकू शकतात. कंपनी इंजिनिअरचा रिपोर्ट मागण्याची शक्यता धरून त्याचा खर्च आधीच मांडा. 40 वर्षांवरच्या गाडीला एनसीटी लागत नाही, पण ही सवलत म्हणजे निश्चिंती नव्हे. तुमचे ब्रेक दुसरं कोणी तपासणार नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि शेतीसाठीचं हिरवं डिझेल रस्त्यावरच्या गाडीत घालणं हा इथे गुन्हा आहे, इंजिन ट्रकचं असलं तरी.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे जीपमध्ये कुठलंही इंजिन बसवायचे की! आता तिकडेही तसं राहिलेलं नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं.

पण पुण्याचंच एक उदाहरण इथे कामाचं आहे. मर्सिडीजच्या 240डी या मोटारीतलं ओएम616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन बजाज टेम्पोने आपल्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांमध्ये वापरलं. मोटारीचं इंजिन व्हॅनमध्ये गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं, कारण कंपनीने गिअर, वजन, ब्रेक आणि थंड ठेवण्याची व्यवस्था त्याच्याभोवती आखली होती. घरी काम करताना ती आखणी आपल्यालाच करावी लागते.

म्हणून शेवटी एक साधी पद्धत. कागदावर तीन रकाने करा: इंजिन, बसवण्याचं सगळं सामान आणि मजुरी, आणि पुढच्या पाच वर्षांचा टॅक्स व विमा. बेरजेवर 30 टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. मग त्याच गाडीच्या मॉडेलचं, त्याच सीसीचं जुनं इंजिन बसवायला किती लागेल ते शेजारी लिहा. बहुतेक घरांत दुसरा आकडा जिंकेल. आणि पहिला जिंकला, तर यार्डात जाताना इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा, तेलाचं झाकण उघडून आत दुधाळ फेस नाही ना ते बघा, आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या.

तुमच्या दारातल्या गाडीचं लॉगबुक आज संध्याकाळी जरूर उघडा.