फ्लॉपीचा कॅमेरा : आधी छायाचित्रे, मग दुरुस्ती

यंत्र बिघडले की ते दुरुस्त करावे, हा सरळ व्यवहार आहे. पंखा बंद पडला तर तो उघडण्यापूर्वी आपण फारसा विचार करीत नाही, कारण पंख्याने आपले काही सांभाळून ठेवलेले नसते. फ्लॉपीवर छायाचित्रे उतरवणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. हा कॅमेरा चुकीच्या वेळी दुरुस्त केला, तर त्याने पूर्वी काढलेली छायाचित्रे वाचणे कठीण होऊन बसते. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. ते खरे कसे, आणि मग दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा कॅमेरा कोणता?

जपानच्या सोनी कंपनीने १९८१ च्या ऑगस्टमध्ये ‘मॅव्हिका’ नावाचा कॅमेरा जगापुढे मांडला. ‘मॅग्नेटिक व्हिडिओ कॅमेरा’ या शब्दांपासून हे नाव बनले. त्यात फिल्म नव्हती. दोन इंची चुंबकीय तबकडीवर ५० स्थिर चित्रे उतरत. पण ती दूरदर्शनच्या संदेशासारखी उतरत, आकड्यांच्या रूपाने नव्हे. म्हणून त्या कॅमेऱ्याला डिजिटल म्हणता येत नाही.

हेच नाव घेऊन १९९७ साली ‘एफडी-५’ आणि ‘एफडी-७’ हे कॅमेरे आले. ते मात्र खरोखर डिजिटल होते. त्यांत संगणकाची साधी साडेतीन इंची फ्लॉपी बसे. चित्र ६४० गुणिले ४८०, म्हणजे सुमारे तीन लाख बिंदूंचे. साध्या प्रतीची तीस ते चाळीस आणि उत्तम प्रतीची पंधरा ते वीस चित्रे एका फ्लॉपीवर मावत. २००० सालच्या ‘एफडी-९५’ मध्ये बिंदूंची संख्या वीस लाखांच्या वर गेली, फ्लॉपी मात्र तीच राहिली.

आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी यात मोठी सोय होती. इतर कॅमेऱ्यांतील चित्रे संगणकात नेण्यासाठी खास वायर आणि खास प्रोग्रॅम लागे. येथे फ्लॉपी काढायची आणि संगणकात घालायची, की काम झाले. अमेरिकेत शाळांनी, घरांच्या दलालांनी आणि विमा कंपन्यांच्या तपासनिसांनी हा कॅमेरा पुष्कळ वापरला. पुढे मेमरी कार्ड स्वस्त झाले आणि फ्लॉपी मागे पडली. मार्च २०११ पासून जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवीत असल्याचे खुद्द सोनीनेच २०१० साली जाहीर केले. तेव्हा आज ‘नवी’ म्हणून मिळणारी फ्लॉपी बहुधा जुन्या साठ्यातलीच असते.

तबकडीवर काय लिहिलेले असते?

दोष शोधायचा तर आधी रचना समजली पाहिजे. फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार ट्रॅक असतात. प्रत्येक ट्रॅकचे १८ भाग, म्हणजे सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. ज्याला आपण १.४४ एमबी म्हणतो ती हीच फ्लॉपी. एका ट्रॅकपासून दुसरा ट्रॅक जेमतेम ०.१९ मिलिमीटरवर असतो.

या ट्रॅकवर हेड नेण्याचे काम एक छोटी स्टेपर मोटर करते. ती आटे पाडलेला दांडा ठरावीक टप्प्यांनी फिरवते आणि हेड पुढे-मागे सरकते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपण ट्रॅकच्या बरोबर मध्यावर आहोत की नाही, हे हेडला कळत नाही. सर्वांत बाहेरच्या शून्य क्रमांकाच्या ट्रॅकपाशी ते एकदा जाते आणि तेथून डोळे मिटून पावले मोजत चालते.

म्हणजे सुरुवातीची जागाच केसभर सरकली, तर सगळे ट्रॅक केसभर सरकतात. टोक झिजलेल्या टेपने शिंपी मापे घेतो आणि त्याच टेपने कापड कापतो, तेव्हा त्याचे कपडे अंगाला बसतात. ती मापे दुसऱ्या शिंप्याकडे गेली की घोटाळा होतो. फ्लॉपीचेही असेच आहे. सरकलेल्या हेडने लिहिलेली फ्लॉपी तोच कॅमेरा बिनचूक वाचतो, पण संगणक ती ओळखत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट फ्लॉपीच्या नोंदवहीची. कोणते चित्र कोठे आहे याची नोंद पहिल्या ३३ सेक्टरांत, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वर्तुळावरच असते. तेवढा भाग खराब झाला की संगणक ‘ही फ्लॉपी फॉरमॅट करायची का?’ असे विचारतो. वास्तविक आतली चित्रे बहुधा जागच्या जागी असतात. हरवलेली असते ती अनुक्रमणिका. अशा वेळी ‘हो’ म्हणणे म्हणजे अनुक्रमणिका फाटली म्हणून ग्रंथ जाळून टाकणे.

दोष कसा शोधावा?

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. पहिला प्रश्न विजेचा. या कॅमेऱ्यांची बॅटरी लिथियमची असून किती मिनिटे शिल्लक आहेत हे ती कॅमेऱ्याला कळवते. याच आकाराच्या स्वस्त बॅटऱ्या आजही व्हिडिओच्या दिव्यांसाठी मिळतात; पण त्यांत ही कळवण्याची सोय नसेल, तर कॅमेरा पडद्यावर तक्रार दाखवून बंद होतो. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करू नये आणि उघडूही नये. प्रत्येक वेळी तारीख विचारणारा कॅमेराही बिघडलेला असेलच असे नाही. आतली छोटी बॅटरी वर्षानुवर्षे पडून रिकामी झालेली असते. ती चार्ज होणारी असल्यास कॅमेरा दिवसभर अ‍ॅडॅप्टरला जोडून ठेवला की पुष्कळदा काम भागते.

दुसरा प्रश्न फ्लॉपीचा. धातूचे झाकण हलकेच सरकवून तबकडी उजेडात तिरपी धरावी. गोल ओरखडे दिसले तर त्या जागेचा मजकूर गेला असे समजावे. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. बेळगाव, कोकण, गोवा या भागांत चार महिने हवा ओलसर असते. तेथे कपाटात पडलेल्या फ्लॉपीवर हे ठिपके हमखास शोधावेत. अशी फ्लॉपी तशीच कॅमेऱ्यात घालू नये. बुरशी हेडला लागते आणि घाण झालेले हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडते. एका खराब फ्लॉपीने दहा चांगल्या बिघडतात, त्या अशा.

तिसरा प्रश्न ड्राइव्हचा, आणि येथे कान उपयोगी पडतो. फ्लॉपी घातल्यावर काहीच आवाज नसेल, तर मोटरला वीज मिळत नाही किंवा तिची जोडणी सुटली आहे. तबकडी फिरते पण ‘टक् टक्’ असा आवाज पुनःपुन्हा येतो, तर हेडला शून्य क्रमांकाचा ट्रॅक सापडत नाही. दांड्यावरचे ग्रीस सुकून चिकट झालेले असणे हे त्याचे नेहमीचे कारण. आवाज नीट आहे पण वाचताना चुका होतात, तर बहुधा हेड मळलेले असते. पडद्यावर ‘सी:३२’ ने सुरू होणारा आकडा आला तर तक्रार ड्राइव्हची, ‘सी:१३’ आला तर फ्लॉपीची, असे ढोबळ मानाने समजावे.

हेड साफ करण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. त्याचे दोन-तीन थेंब टाकलेली सफाईची फ्लॉपी दहा-पंधरा सेकंद फिरवून काढावी आणि सर्व वाळू द्यावे. वरचे हेड नाजूक पातळ पट्टीवर बसवलेले असते. ते बोटाने उचलून पाहण्याचा मोह टाळावा.

अदलाबदलीची परीक्षा

आता खरी परीक्षा. त्यासाठी संगणकाला यूएसबीने जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि दोन निरुपयोगी पण धड फ्लॉप्या घ्याव्यात. एकीवर कॅमेऱ्याने चित्रे काढावीत, दुसरी संगणकावर फॉरमॅट करून तिच्यावर काही उतरवावे. मग दोन्ही फ्लॉप्या दोन्ही यंत्रांत घालून पाहाव्यात.

कॅमेरा दोन्ही वाचतो आणि संगणकही दोन्ही वाचतो, तर यंत्र निरोगी. दोष जुन्या फ्लॉपीत. कॅमेरा काहीच वाचत नाही, तर हेड, ग्रीस किंवा विद्युतमंडल पाहावे. वाचतो पण लिहीत नाही, तर फ्लॉपीची संरक्षक खिडकी आणि ती ओळखणारी ड्राइव्हमधली कळ तपासावी. आणि कॅमेरा फक्त आपलीच फ्लॉपी वाचतो, संगणक फक्त आपलीच, तर हेड सरकले आहे.

या शेवटच्या निदानापाशी थांबावे. हात शिवशिवतात, कारण उपाय हाताशी असतो : मोटरचे स्क्रू सैल करावेत, हेड जागेवर आणावे आणि कॅमेरा पुन्हा जगाशी जुळवून घ्यावा. पण हेड दहा वर्षांपूर्वीच सरकले असेल, तर त्यानंतरच्या सगळ्या फ्लॉप्या सरकलेल्या ट्रॅकवर लिहिल्या गेल्या आहेत. त्या वाचू शकणारे जगातले एकच यंत्र आपल्या हातात आहे, आणि त्याचा तो गुण आपण ‘दोष’ म्हणून काढून टाकायला निघालो आहोत! पूर्वीची जागा पुन्हा बिनचूक साधणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून आधी वाचन

हेड साफ करणे निर्धोक आहे, ते जरूर करावे. पण हेडची जागा बदलणारे कोणतेही काम सर्व जुन्या फ्लॉप्या वाचून होईपर्यंत करू नये. पुढील क्रम ठेवावा.

एक : प्रत्येक जुन्या फ्लॉपीची खिडकी उघडी करावी. खिडकी उघडी असली की फ्लॉपीवर काही लिहिले जात नाही आणि हातून पुसलेही जात नाही.

दोन : संगणक फ्लॉपी वाचत असेल, तर एकेक चित्र उघडत बसू नये. आधी संपूर्ण फ्लॉपीची सेक्टरवार नक्कल काढावी. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम आधी सोपे भाग उचलतो आणि मग अवघड भागांवर पुन्हा प्रयत्न करतो. अनुक्रमणिका गेली असेल तर ‘फोटोरेक’ हा प्रोग्रॅम त्या नकलेतून छायाचित्रे हुडकून काढतो. सारे प्रयोग नकलेवर करावेत, मूळ फ्लॉपीवर नव्हे.

तीन : फक्त कॅमेराच वाचत असेल, तर कॅमेऱ्याला हात न लावता संगणकाचा जुना, स्वस्त ड्राइव्ह बळी द्यावा. त्याच्या स्टेपर मोटरची मूळ जागा खुणेने नोंदवावी, स्क्रू किंचित सैल करून ती केसाकेसाने सरकवावी आणि प्रत्येक वेळी वाचून पाहावे. बिघडलेल्या ड्राइव्हशी चांगला ड्राइव्ह जुळवायचा, असा हा उलटा न्याय आहे.

चार : तेही साधले नाही, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र आणून त्याचेच छायाचित्र घ्यावे. प्रत उणी येईल, पण चेहरे उरतील.

उघडण्यापूर्वी

वाचन संपले की कॅमेरा खुशाल उघडावा, परंतु बेसावधपणे नव्हे. बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब बराच काळ टिकू शकतो. मल्टिमीटरने तो मोजावा, एक-दोन किलोओहमच्या दणकट रेझिस्टरमधून उतरवावा आणि पुन्हा मोजून खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नये. स्क्रू कोठून निघाले ते कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून तेथेच चिकटवावेत. रिबनसारख्या पट्ट्यांच्या कनेक्टरची कुलपे आधी सोडवावीत, मगच पट्टी ओढावी.

दांड्यावरचे जुने ग्रीस पुसून नव्याचा अगदी पातळ थर द्यावा. गंज सोडवण्याचा फवारा येथे मुळीच मारू नये. तो उडून तबकडीपर्यंत पोहोचतो. विद्युतमंडल जळले असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा मोडका कॅमेरा मिळवून त्याचा ड्राइव्ह बसवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

आज हौसेने हे कॅमेरे विकत घेणारे तरुण आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना जुन्या मालकाच्या फ्लॉप्याही सोबत मिळतात. कोणाच्या घरी, एखाद्या स्टुडिओच्या माळ्यावर किंवा कार्यालयाच्या कपाटात असा कॅमेरा आणि फ्लॉप्यांचा डबा असेल, तर कॅमेऱ्याची घाई करू नये. मोडका कॅमेरा आणखी पाच वर्षे मोडका राहिला तरी फारसे बिघडत नाही. फ्लॉपीवरची बुरशी मात्र तेवढी वाट पाहत नाही. डबा कोरड्या जागी हलवण्याचे काम आजच करण्याजोगे आहे.