ट्रॉफी मिळाली, पुढे काय? अभिजीत सावंतच्या प्रवासातून धंद्याचा एक मोठा धडा



६ ऑक्टोबर २०२४. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या सीझनची फायनल. शेवटी स्टेजवर दोघंच उरले. एक आपल्या बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण आणि दुसरा गायक अभिजीत सावंत. सूरज जिंकला, आणि आपल्या भागातला पोरगा म्हणून आपल्याला आनंद झाला.

पण आज मला तुमच्याशी बोलायचंय ते दुसऱ्या नंबरवर राहिलेल्या अभिजीतबद्दल. कारण जवळपास वीस वर्षांपूर्वी हाच माणूस देशात पहिला आला होता.

२००५ ची लाट

५ मार्च २००५ ला पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा निकाल लागला. मुंबईचा २३ वर्षांचा मराठी मुलगा जिंकला. देशभरातून लोकांनी फोन करून आणि एसएमएस पाठवून त्याला मतं दिली होती. त्याच वर्षी त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम आला आणि ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ घरोघरी वाजलं. ‘आशिक बनाया आपने’ या सिनेमातही त्याला गाणं मिळालं.

एखाद्याला वाटेल, आता आयुष्याची सोय झाली. पण थांबा. इथे धंद्याच्या नजरेने दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, माल कशात भरून विकला जात होता? कॅसेट आणि सीडीत. आणि नेमका तोच बाजार तेव्हा उतरणीला लागला होता. लोक एमपीथ्री कॉपी करायला लागले, गाणी मोबाइलवर आली. नव्वदच्या दशकात जोरात चाललेला पॉप अल्बमचा धंदा आटत गेला. २००७ मध्ये त्याचा दुसरा अल्बम ‘जुनून’ आला, तोपर्यंत दुकानात जाऊन अल्बम घेणारा ग्राहकच कमी झाला होता. आवाज तोच होता, पण बाजार बदलला होता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांनी एसएमएस केले, त्यांचे नंबर कुणाकडे गेले? गायकाकडे नाही. लोक चॅनेलचे प्रेक्षक होते. सीझन संपला की नवा सीझन, नवे चेहरे. २००५ मध्ये यूट्यूब नुकतंच सुरू झालं होतं. आजच्यासारखं थेट चाहत्यांशी बोलायचं साधन कलाकाराच्या हातात नव्हतं. गर्दी खरी होती, पण ती उसनी होती.

मग तो थांबला का?

नाही. आणि इथेच आपल्याला शिकण्यासारखं आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये जकार्तात ‘एशियन आयडॉल’ झालं, तिथे तो भारताकडून उभा राहिला. २००९ मध्ये ‘लॉटरी’ सिनेमात काम केलं. पत्नीबरोबर ‘नच बलिये’मध्ये नाचला. २०१० मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या पाचव्या सीझनचं सूत्रसंचालन केलं. म्हणजे ज्या स्टेजवर जिंकला, त्याच कार्यक्रमात माइक घेऊन दुसऱ्यांना पुढे आणायचं काम. त्यात कमीपणा मानला नाही. ‘मंगलाष्टक वन्स मोअर’ या मराठी सिनेमातलं ‘सर सुखाची श्रावणी’ आठवतंय? त्यातला आवाज त्याचाच.

आणि ४२ व्या वर्षी, नव्या पिढीच्या पोरांमध्ये, पुन्हा शून्यातून मतं मागायला उभा राहिला. जुन्या ट्रॉफीवर कुणी मत देत नाही हो. रोज नव्याने मिळवावं लागतं.

सूरजची दुसरी बाजू

सूरज टीव्हीवर येण्याआधीच मोबाइलवर गाजला होता. टिकटॉकमुळे त्याचं नाव झालं. पण २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. विचार करा, भाड्याचा गाळा एका रात्रीत बंद! तो थांबला नाही, दुसऱ्या ॲपवर गेला, पुन्हा प्रेक्षक जमवला. पुढे २०२५ मध्ये केदार शिंदेंच्या ‘झापुक झुपूक’मध्ये हिरो झाला. पण धडा लक्षात ठेवा : इन्स्टाग्राम असो की यूट्यूब, जागा आपल्या मालकीची नसते.

आता तुमच्या धंद्याकडे येऊ

समजा, तुमचा बचत गट इंदापुरात मसाले करतो. पुण्यात पाच दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल लागला. ६०० लोकांनी १०० रुपयांचं पाकीट घेतलं. ६० हजारांची विक्री! घरी पेढे वाटले. पुढच्या महिन्यात विक्री किती? त्यातल्या एकाचाही नंबर नसेल, तर त्या गिऱ्हाइकांकडून शून्य.

आता समजा, ३०० जणांचे नंबर त्यांना विचारून लिहून घेतले. त्यातल्या फक्त ६० जणांनी दर महिन्याला २०० रुपयांचा मसाला मागवला, तरी महिन्याला १२ हजार झाले. वर्षाचे १ लाख ४४ हजार. प्रदर्शनापेक्षा दुप्पट मोठं काम त्या वहीने केलं.

भिगवणच्या मासळीच्या खाणावळीचंही तेच. एखाद्याचा व्हिडिओ फिरला की महिनाभर गाड्यांची रांग लागते. रांग असतानाच पुढची तयारी करायची असते. रांग गेल्यावर करून उपयोग नाही.

म्हणून चार कामं आजच करा :

१. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि त्याने काय घेतलं, हे त्याला विचारून वहीत लिहा.
२. खरेदीनंतर आठ दिवसांत एक फोन करा. माल कसा वाटला, एवढंच विचारा.
३. एकाच ठिकाणावर, एकाच व्यापाऱ्यावर किंवा एकाच ॲपवर अवलंबून राहू नका. विक्रीचा दुसरा रस्ता आत्ताच शोधा.
४. तुमचा माल कशात भरून, कुठून विकला जातो, ते दर सहा महिन्यांनी तपासा. गिऱ्हाईक दुसरीकडे वळत असेल तर त्याच्याआधी तुम्ही तिथे पोचा.

पुरस्कार, प्रदर्शन, व्हायरल व्हिडिओ, पेपरमधली बातमी, सगळं हवंच. त्याने लोक दारापर्यंत येतात. ते परत यावेत ही सोय मात्र आपली आपल्यालाच करावी लागते.

आजचा गृहपाठ : गेल्या महिन्यातल्या किती गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्याकडे आहेत? खरा आकडा कमेंटमध्ये लिहा. शून्य असला तरी लिहा, लाजू नका. सुरुवात तिथूनच करायची आहे.