पुरलेलें धन आणि धातूचा भाव

इ. स. २०१० च्या एप्रिलांत इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांत, फ्रोम गांवाजवळच्या एका शेतांत रोमन नाण्यांनीं भरलेला मातीचा रांजण सांपडला. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका हौशी गृहस्थास रांजणाचें तोंड दिसतांच त्यानें खणणें थांबविलें व पुराणवस्तुतज्ज्ञांस बोलाविलें. मोजदाद झाली ती ५२,५०३ नाण्यांची; वजन सुमारें १६० किलो!

हीं नाणीं बहुतेक तांब्याचीं व हिणकस चांदीचीं, तिसऱ्या शतकांतलीं. सराफाच्या तराजूंत त्यांस तें काय मोल? परंतु तज्ज्ञांनीं रांजण थराथरानें उपसला, तेव्हां ब्रिटनमध्यें स्वतंत्र गादी स्थापणाऱ्या करॉशिअसचीं, म्हणजे सर्वांत अलीकडचीं, नाणीं बहुतांशीं बरींच खालीं आढळलीं, त्यांच्यावर जुनीं. वर्षानुवर्षें सांठविलेल्या पुंजींत असा उलटा क्रम लागत नाहीं. अर्थात् रांजण एकाच वेळीं भरला गेला. कदाचित् देवतेस वाहिलेली ती सामुदायिक ठेव असावी, असें कित्येक विद्वानांस वाटतें. घाईनें फावडें चालतें, तर हा पुरावा कायमचा नाहींसा होता.

त्या गृहस्थाचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा खराच. पण तो तोट्यांत येऊं नये अशी तजवीज तेथील १९९६ च्या कायद्यानें केली आहे. ठेव्याची किंमत बाजारभावानें ठरते. फ्रोमच्या ठेव्याचे ३,२०,२५० पौंड ठरले. ते शोधणारा व जमीनमालक यांस मिळाले, आणि ठेवा सॉमरसेटच्याच संग्रहालयांत राहिला.

आमच्या देशास रोमन नाणें परकें नाहीं. पुदुकोट्टई संस्थानांत १८९८ सालीं एकाच ठेव्यांत ५०१ रोमन सुवर्णनाणीं निघालीं. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत रोमन बनावटीच्या कांशाच्या वस्तू मिळाल्या. मात्र अशा धनाविषयींचा आमचा कायदा १८७८ सालचा! दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, न दिल्यास शिक्षा; आणि बेवारस ठरलेला ठेवा सरकारनें घेतल्यास मोबदला म्हणून धातूची किंमत, वर तिचा एक पंचमांश. त्यांतही, निराळा करार नसल्यास, चौथाई जमीनमालकाची. व्यापारी वाचकांसच आम्ही विचारतों: हा सौदा कोण पत्करील? सोनार त्याच दिवशीं रोख देतो आणि कांहीं विचारीत नाहीं. मग नाणें मुशींत गेलें, तर दोष एकट्या शेतकऱ्याचा कसा?

कायद्यांतील धातूच्या किंमतीच्या जागीं बाजारभाव घालावा, आणि वर्दी येतांच पुराणवस्तुखात्याचा जाणता मनुष्य जागेवर धाडण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घ्यावें, अशी आमची मागणी आहे.