पुड्याच्या दर्शनी बाजूवर काय छापायचं?

सरकार लठ्ठपणाविरुद्ध धोरण कसं ठरवतं, हे बघायचं असेल तर भाषणं बाजूला ठेवून मसुदे वाचावेत. क्रीम बिस्किटांचा पुडा शेजारी ठेवून मी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा सप्टेंबर २०२२चा मसुदा वाचला. पुड्याच्या दर्शनी बाजूला गव्हाची सोनेरी ओंबी. साखरेचा आकडा मागच्या घडीत, बारीक टाइपात. मसुदा सांगतो, पुढच्या बाजूला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापा. त्यासाठी १०० ग्रॅममागे ऊर्जा, साखर, संपृक्त मेद आणि सोडियमचे गुण मोजायचे. मग फळं, सुकामेवा, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे गुण त्यातून वजा करायचे. मेख इथेच आहे. नाचणी-बदाम पुरेसे घातले की साखर तेवढीच राहूनही तारा वाढू शकतो. पोटात गेलेली साखर अशी वजा होत नाही. शिवाय पहिली चार वर्षं हे सगळं ऐच्छिक!

२०१८च्या मसुद्यात साखर, मीठ, मेद जास्त असेल तर लाल खूण होती. उद्योगांनी विरोध केला आणि तो मसुदा मागे पडला. २०१९मध्ये दुसरा आला. २०२०मध्ये लेबलांचे अंतिम नियम निघाले, त्यांत दर्शनी इशारा नव्हताच. दोन वर्षांनी लाल खुणेच्या जागी तारे आले. त्यांवर सुमारे १४ हजार हरकती-सूचना आल्या. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लेबलांवरच्या तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. जुलैत आणखी तीन महिने वाढवून दिले.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे नवे दर लागू झाले. सोडायुक्त शीतपेयांवरचा एकूण कर ४० टक्के होता, तिथेच राहिला. बिस्किटं, चॉकलेट, फरसाण मात्र ५ टक्क्यांवर उतरलं. लठ्ठपणाची चिंता कर ठरवणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचलेलीच नाही, असंच मला वाटतं. खरं तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच १५ ते ४९ वयाच्या दर चार स्त्रियांमागे जवळपास एकीचं वजन प्रमाणाबाहेर होतं.

चिलीतही उद्योग आडवे आलेच. डॉक्टर असलेले सिनेटर गिदो हिरार्दी यांनी २००७पासून दर्शनी इशाऱ्यांचा विषय लावून धरला, २०१२मध्ये कायदा झाला, तो जून २०१६मध्ये लागू झाला. ‘साखर जास्त’ असा काळा अष्टकोन सक्तीचा झाला. अशा पदार्थांची शाळेतली विक्री आणि मुलांना भुलवणारी जाहिरात बंद झाली. पहिल्या टप्प्यानंतर इशाऱ्याला पात्र ठरलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली.

२०२२च्या मसुद्यावर लिहायला ६० दिवस होते. अशा मुदतीत कंपन्यांची माणसं लिहितातच. पुढचा मसुदा राजपत्रात आला की तुम्हीही लिहा: तारे नकोत, स्पष्ट इशारा हवा आणि तो पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा.