छत्रीबागेतली वाफेची कॉफी

होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेल्या आमच्या इंदूरच्या छत्रीबागेत कॉफी म्हणजे आधी घरात फेटायची गोष्ट होती. कपात इन्स्टंट पूड, साखर आणि चमचाभर दूध घ्यायचं, रंग फिका पडेपर्यंत फेटायचं आणि वरून उकळतं दूध ओतायचं. २०२० च्या टाळेबंदीत जगानं ‘दालगोना’ म्हणून डोक्यावर घेतली, ती हिचीच बहीण.

मग लग्नांतून ‘एस्प्रेसो’ आली. मांडवाच्या कोपऱ्यात चकचकीत बंब, खाली गॅस, बाजूला वाफेची नळी. कॉफीवाला मग्ग्यातल्या दुधात नळी बुडवून तोटी फिरवायचा की आम्ही पोरं पंगत सोडून धावायचो. आधी कर्कश फुसफुस व्हायची, मग आवाज जड होत जायचा. तो पुरता जड झाला की तोटी बंद. वर बोटभर फेस आणि फेसावर चिमूटभर ड्रिंकिंग चॉकलेट. थंडीतल्या लग्नात तो कप दोन्ही तळव्यांत धरून बसायचो.

खरी एस्प्रेसो वेगळी, हे फार उशिरा कळलं. मिलानच्या लुइजी बेझेरानं १९०१ मध्ये वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे गॅजियाच्या दांड्याच्या यंत्रानं मोठ्या दाबाखाली दाट अर्क काढला. त्या अर्कात वाफवलेलं दूध घातलं की कॅपुचिनो, लाटे. आमच्या बंबानं अर्क कधी काढलाच नाही. त्यानं फक्त दूध तापवलं.

पण ते काम अस्सल होतं. वाफ दुधात हवा कोंबते, दुधातली प्रथिनं ती धरून ठेवतात. साठ-पासष्ट अंशांवर थांबलं तर दूध गोड लागतं. पुढे गेलं की उकळल्याचा वास येतो. कॉफीवाला हे कानानं ओळखायचा. आणि इंदूरला दुधाची पारख शिकवावी लागत नाही. सराफा बाजारात रात्री कढईत दूध आटतं, इथली शिकंजीसुद्धा लिंबाची नव्हे, दुधाची.

१९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं, २००० मध्ये बरिस्ता आलं आणि पुढे ही कॅफे इंदुरातही पोचली. फेसाळ दूध आम्हाला ओळखीचं होतं, शिकायचा राहिला होता तो कडूपणा. कॅपुचिनो इथे इतक्या लवकर रुजली ती त्या बंबामुळे, असं माझं ठाम मत आहे.

या थंडीत एखाद्या लग्नात तो बंब दिसला, तर जवळ उभं राहून वाफेचा आवाज बदलतो कधी, ते जरूर ऐका.