तीन धाग्यांचा संघ

बालीत देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनगटावर बहुतेक वेळा पिळाचा एक बारीक दोरा दिसतो. तांबडं, पांढरं आणि काळं अशी तीन सुतं त्यात एकत्र वळलेली असतात. आपल्याकडे पूजा झाली की गुरुजी मनगटाला नाडा बांधतात, त्याच्याच नात्यातला हा दोरा. बालीतले हिंदू त्याला 'त्रिदातू' म्हणतात. तांबडं सूत ब्रह्मदेवाचं, काळं विष्णूचं, पांढरं शिवाचं. २०१५ साली या बेटावर फुटबॉलचा एक नवा संघ उभा राहिला आणि त्यानं आपले रंग आणि टोपणनाव या दोऱ्यावरून घेतलं: 'सेर्दादू त्रिदातू', म्हणजे त्रिदातूचे शिपाई. यातला 'सेर्दादू' हा मूळ पोर्तुगीज शब्द आहे. गोव्यात ज्यांनी 'सोल्दाद' ऐकला असेल, त्यांना तो लगेच ओळखू येईल.

मनगटावरचा दोरा बालीचा, रंग बालीचे, नाव बालीचं. संघ मात्र बालीचा नव्हता. तो समुद्रापलीकडून आणलेला होता.

आज 'बाली युनायटेड' हे इंडोनेशियातल्या व्यावसायिक फुटबॉलमधलं मोठं नाव आहे. पहिल्या सात-आठ वर्षांत या संघानं देशाच्या अव्वल साखळी स्पर्धेची दोन विजेतेपदं मिळवली, आणि आग्नेय आशियात शेअर बाजारात उतरणारा पहिला फुटबॉल क्लब म्हणूनही त्याची नोंद झाली. पण बाहेरून आणलेला संघ इतक्या थोड्या काळात एका बेटाचा 'आपला' कसा झाला, हा प्रश्न विजेतेपदांपेक्षाही मोलाचा आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. बालीची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांच्या आसपास आहे, आणि इंडोनेशियात फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. असं असूनही या बेटाला अव्वल दर्जाचा संघ कधी टिकवता आला नव्हता. 'गेलोरा देवाता' नावाचा संघ १९८९ मध्ये बालीत उभा राहिला, बऱ्यापैकी खेळला, आणि २००१ मध्ये गाशा गुंडाळून पूर्व जावातल्या सिदोआर्जोला गेला. २०११ मध्ये एका बंडखोर साखळीत 'बाली देवाता' नावाचा संघ दिसला आणि लगेच विरूनही गेला. 'देवाता' म्हणजे आपली देवताच. बालीला इंडोनेशियात 'पुलाऊ देवाता', देवांचं बेट, म्हणतात. देव होते, देवळं होती, पर्यटक तर होतेच; फक्त शनिवार-रविवारी संध्याकाळी ज्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडावं अशी आपली अकरा माणसं नव्हती.

इंडोनेशियातले बहुतेक जुने क्लब तोवर सरकारी पैशावर चालत. शहराचा महापौर किंवा जिल्ह्याचा प्रमुख हाच क्लबचा पाठीराखा, आणि खेळाडूंचा पगार स्थानिक सरकारच्या अंदाजपत्रकातून निघायचा. २०११ च्या सुमाराला गृहखात्यानं हा मार्ग पक्का बंद केला. व्यावसायिक क्लबनं आपला खर्च आपण भागवावा, हा आदेश तत्त्व म्हणून योग्यच होता. पण वर्षानुवर्षं तिकीट, जर्सी आणि जाहिरात यांचा हिशेब न मांडलेल्या क्लबांची दाणादाण उडाली आणि पगार थकले. सोलो शहरातल्या एका क्लबकडून खेळणारा पराग्वेचा आघाडीपटू दिएगो मेंदिएता डिसेंबर २०१२ मध्ये आजारपणात वारला, तेव्हा क्लबकडे त्याचे कित्येक महिन्यांचे पैसे अडकलेले होते. परक्या देशात, घरी परतायच्या तिकिटाची वाट पाहत एक खेळाडू गेला. इंडोनेशियन फुटबॉलच्या अंगावरचा हा डाग पुसला जाणं शक्य नाही.

या पडझडीत एका टायर कारखानदाराला संधी दिसली. पीटर तनुरी यांच्या 'मल्टिस्त्रादा' कंपनीचे 'अकिलिस' आणि 'कोर्सा' हे टायर इंडोनेशियाच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसत. पुढे २०१९ मध्ये फ्रान्सच्या मिशलाँनं ही कंपनी विकत घेतली. तनुरींनी क्लब शून्यातून उभा केला नाही. बोर्नियो बेटाच्या पूर्व भागात महाकाम नदीकाठी समारिंदा हे कोळशाच्या व्यापाराचं शहर आहे. तिथला 'पुत्र समारिंदा' हा संघ अव्वल साखळीत खेळत होता. तो संघ, आणि त्याच्याबरोबर साखळीतली त्याची जागा, तनुरींच्या हाती आली आणि संघाचा मुक्काम बालीला हलला. सुरुवातीला नावाच्या शेपटीला 'पुसाम' म्हणजे पुत्र समारिंदा ही खूण राहिली होती. तीही लवकरच गळून पडली.

घर मिळालं ते ग्यान्यार जिल्ह्यात, 'कॅप्टन ई वायान दिप्ता' स्टेडियममध्ये. डच सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात कामी आलेल्या स्थानिक वीराचं हे नाव. 'ई' हे पुरुषाच्या नावाआधी लागणारं अक्षर, आणि 'वायान' म्हणजे घरातलं थोरलं मूल. बालीत पहिल्या मुलाला वायान, दुसऱ्याला मादे, तिसऱ्याला न्योमान, चौथ्याला केतुत म्हणण्याची रीत आहे. गावागावांत वायान असतात, त्यामुळे हे स्टेडियमही घरातल्याच कुणाचं तरी वाटतं.

पहिला प्रशिक्षक निवडताना क्लबनं फार विचार केलेला दिसतो. इंद्रा शाफ्री यांनी २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या एकोणीस वर्षांखालील मुलांना आग्नेय आशियाचं अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. देशानं कित्येक वर्षांत असा आनंद पाहिला नव्हता. शाफ्रींची ख्याती बेटाबेटांवर हिंडून मुलं शोधण्याची. अलोरसारख्या दूरच्या बेटावरचा याबेस रोनी हा त्यांना असाच सापडलेला मुलगा. हीच पोरं घेऊन ते बालीला आले. महागडे तारे आणण्याऐवजी देशाला आधीच लळा लावलेली मुलं उभी करणं, हा नव्या क्लबसाठी सगळ्यात शहाणा निर्णय होता, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

आणि नेमकं तेव्हाच सगळं थांबलं. क्रीडा मंत्रालय आणि फुटबॉल महासंघ यांच्या भांडणात २०१५ चा मोसम दोन-तीन फेऱ्यांतच गुंडाळला गेला. ३० मे २०१५ रोजी फिफानं इंडोनेशियाला निलंबित केलं. हे निलंबन उठायला जवळजवळ वर्ष गेलं. जुने क्लब या काळात खचले, आणि बालीचा क्लब तर जेमतेम जन्मला होता. न खेळणाऱ्या संघावर पैसे ओतत राहायचे की दुकान बंद करायचं, हा प्रश्न तनुरींपुढे असणारच. त्यांनी दुकान उघडं ठेवलं. हे अक्षरशः खरं आहे, कारण स्टेडियमलाच लागून क्लबनं जर्सींचं मोठं दुकान थाटलं, लहान मुलांना खेळायला जागा केली, आणि मैदान दिसेल असं कॅफे काढलं. सामना नसलेल्या दिवशीही माणूस तिथे पोराबाळांना घेऊन जाऊ शकतो, कॉफी पिता पिता हिरवळ बघू शकतो. इंडोनेशियातली बरीचशी स्टेडियम सामन्याच्या दिवसापुरती जागी होत. इथे मैदानाचा रोजच्या जगण्याशी संबंध जुळला.

पाठीराख्यांचे गट उभे राहिले तेही बालीच्याच भाषेत. त्यातल्या एकाचं नाव 'सेमेतोन देवाता'. 'सेमेतोन' म्हणजे बालीच्या बोलीत भाऊबंद. बेटावर कामधंद्यासाठी आलेले जावाचे, लोंबोकचे, फ्लोरेसचे लोकही या भावकीत आले. पर्यटकांच्या खोल्या आवरणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा या बेटावर आपणही यजमान आहोत असं वाटावं, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

२०१७ मध्ये 'लीगा १' या नव्या नावानं साखळी सुरू झाली आणि बालीनं सगळ्यांना धक्का दिला. सुरिनामी वंशाचा डच आघाडीपटू सिल्वानो कोम्वालियस यानं त्या मोसमात ३७ गोल केले. एका मोसमात ३४ गोलांचा पेरी सांद्रियाचा १९९४-९५ मधला विक्रम त्यानं मोडला. शेवटी गुणतक्त्यात बाली आणि पोलीस दलाशी नातं असलेला 'भायांकारा' हे दोघं ६८ गुणांवर आले. गोलफरक बालीचा सरस होता. पण नियमानुसार आधी पाहायचे ते एकमेकांविरुद्धचे सामने, आणि ते भायांकारानं जिंकलेले. त्यात आणखी एक काटा होता. मित्रा कुकार संघाविरुद्ध भायांकाराचा सामना मैदानावर बरोबरीत सुटला होता. मित्रा कुकारनं खेळण्यास अपात्र असलेल्या मोहामेद सिसोकोला उतरवलं, म्हणून तो नंतर भायांकाराला ३-० असा बहाल झाला. त्या कागदी निर्णयानं मिळालेले दोन जादा गुण विजेतेपदाइतके जड ठरले. नियम मोडला होता हे खरंच. तरीही वर्षभर घाम गाळलेल्या संघाचं नशीब शिस्तपालन समितीच्या टेबलावर ठरावं, हे बालीच्या माणसाला आजही डाचतं, आणि ते डाचणं रास्त आहे.

पुढचं वर्ष घसरणीचं गेलं. मग क्लबनं ब्राझीलच्या स्टेफानो कुगुर्रा यांना आणलं. इंडोनेशियात त्यांना सगळे 'टेको' म्हणतात. २०१८ चं विजेतेपद त्यांनी जाकार्ताच्या 'पेर्सिजा'ला मिळवून दिलं होतं. टेकोंचा संघ डोळे दिपवणारा नव्हता, पण त्याची बांधणी घट्ट होती. मागे ब्राझीलचा विलियान पाशेको, मध्ये ब्र्वा नौरी आणि कर्णधार फादिल साउसू, पुढे मॉन्टेनेग्रोत जन्मून इंडोनेशियाचा नागरिक झालेला इलिया स्पासोयेविच.

त्याच २०१९ च्या जून महिन्यात मैदानाबाहेर एक घटना घडली. १७ जूनला जाकार्ताच्या शेअर बाजारात क्लबच्या कंपनीची नोंदणी झाली. बाजारातलं तिचं चिन्ह होतं 'बोला', म्हणजे चेंडू. १७५ रुपियाला एक याप्रमाणे दोन अब्ज समभाग विकून ३५० अब्ज रुपिया उभे राहिले. पहिल्याच दिवशी भाव सुमारे ६९ टक्क्यांनी चढला. जर्सी विकत घेणाऱ्या माणसाला आता क्लबचा कणभर मालकही होता येत होतं. अर्थात शेअरचा भाव गोलांवर चालत नाही, आणि उत्साहानं शिरलेल्या लहान गुंतवणूकदाराला बाजाराचे चढउतार सोसावेच लागतात. पण नोंदणीचा खरा फायदा वेगळा होता. ताळेबंद जाहीर करणं क्लबला बंधनकारक झालं. जिथे खेळाडूचा थकलेला पगार वर्षभर दडवता येत होता, त्या देशातल्या एका क्लबचे हिशेब आता कुणालाही वाचता येऊ लागले. विजेतेपदाच्या चषकाइतकीच ही मोठी कमाई आहे.

चषकही मागोमाग आला. २ डिसेंबर २०१९ रोजी सुमात्रातल्या पादांगमध्ये, सिमेंट कारखान्याच्या 'सेमेन पादांग' संघाला त्याच्या घरच्या मैदानावर २-० हरवून बालीनं चार सामने हातात ठेवूनच विजेतेपद पक्कं केलं. सलग दोन वर्षं दोन वेगळ्या संघांना जिंकवणारे टेको इंडोनेशियातले पहिले प्रशिक्षक ठरले.

२०२० चा मोसम करोनानं तीन फेऱ्यांत गिळला. त्यानंतरची २०२१-२२ ची साखळी रिकाम्या स्टेडियममध्ये, बंदिस्त वातावरणात खेळवली गेली. पर्यटन बंद पडल्यानं बालीची अवस्था तेव्हा बिकट होती, हॉटेलांना कुलपं होती, चालक आणि वाटाडे गावाकडे शेतीला परतले होते. मार्च २०२२ मध्ये बाली युनायटेड पुन्हा विजेता झाला आणि स्पासोयेविच २३ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. लीगा १ सुरू झाल्यापासून लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिला संघ. त्या दिवसांत बेटाकडे आनंद मानायला फारसं दुसरं काही नव्हतं.

हे सगळं लिहिताना पुण्याची आठवण येते. २०१९ मध्येच 'एफसी पुणे सिटी' बंद झाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे बालीच्या दुसऱ्या विजेतेपदाच्याच महिन्यात, हैदराबादनं गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएल जिंकली. बालेवाडीत केशरी-जांभळी जर्सी घालून बसलेल्या पोरांना त्या रात्री काय वाटलं असेल, ते समारिंदाच्या माणसाला न सांगता कळेल.

कारण समारिंदानंही आपला संघ असाच जाताना पाहिला. तिथल्या पाठीराख्यांच्या संघटनेचं नाव 'पुसामानिया'. क्लबच्या कारभाराला कंटाळून तिचे प्रमुख नबील हुसेन यांनी २०१४ मध्येच वेगळी वाट धरली होती. मादुरा बेटावरच्या बांकालानचा एक संघ विकत घेऊन त्यांनी 'पुसामानिया बोर्नियो' उभा केला. म्हणजे समारिंदाची भरपाई झाली ती बांकालानच्या पदरातून. सिदोआर्जोनं बालीचा संघ नेला, बालीनं समारिंदाचा, समारिंदानं बांकालानचा. या साखळीतल्या शेवटच्या गावाचं दुःख कुठल्याच गुणतक्त्यात दिसत नाही.

पुसामानियाचा तो संघ आज 'बोर्नियो एफसी' म्हणून ओळखला जातो. २०२३-२४ मध्ये साखळी टप्पा संपला तेव्हा तो गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होता. बाद फेरीत त्याची गाडी अडली, बालीलाही बांडुंगच्या 'पेर्सिब'नं रोखलं, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी हे दोघं समोरासमोर आले. एका बाजूला समारिंदाहून हललेला संघ, दुसऱ्या बाजूला त्याच समारिंदात मागे राहिलेल्या माणसांनी उभा केलेला संघ. तो तिसरा क्रमांक नारिंगी जर्सीतल्या समारिंदानं घेतला.