जमिनींतील कर्बाचें गणित आणि त्याची पारख

शेतांत घातलेल्या शेणखताचें पुढें काय होतें, त्यांतील सेंद्रिय कर्ब किती वर्षें जमिनींत टिकतो व किती हवेंत उडून जातो, याचा हिशेब आतां संगणकावर मांडतात. अशा मांडणीस प्रतिमान म्हणतात. जमिनींत साठलेल्या कर्बाबद्दल शेतकऱ्यास मोबदला देण्याच्या योजना निघाल्या असून त्यांपैकीं पुष्कळांत हा हिशेब प्रतिमानावरूनच होतो. तेव्हां हें यंत्राचें गणित कोणत्या कामास पुरतें व कोणत्या कामास पुरत नाहीं, हें पारखून घेणें आम्हां जमीनधारकांस अगत्याचें झालें आहे.

यांतील सुप्रसिद्ध प्रतिमान इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील होय. तेथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबॉक शेतांत गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो अद्याप चालू आहे. एका तुकड्यास कधींच खत नाहीं, दुसऱ्यास दरवर्षीं एकरीं सुमारें १४ टन शेणखत. अशा जुन्या प्रयोगांच्या आधारें जेंकिन्सन व रेनर यांनीं १९७७ सालीं कर्ब कुजण्याचें गणित प्रसिद्ध केलें व त्यांतूनच पुढें 'रोथ-सी' हें प्रतिमान तयार झालें. त्यांत कर्बाचे पांच भाग कल्पिले आहेत: लवकर कुजणारा काडीकचरा, सावकाश कुजणारा काडीकचरा, सूक्ष्म जंतु, ह्यूमस आणि मुळींच न बदलणारा अंश. महिन्यामहिन्याचें तपमान, पाऊस, बाष्पीभवन, चिकणमातीचें प्रमाण, जमीन पिकाखालीं कीं उघडी, आणि तींत पडलेला पालापाचोळा व खत, एवढी माहिती पुरविली कीं उत्तर मिळतें.

तेथीलच हूसफील्ड शेतांत १८५२ पासून जव पेरतात. त्यांतील एका तुकड्यास १८७१ पर्यंत वीस वर्षें शेणखत दिलें व मग कायमचें बंद केलें. शंभर वर्षें लोटल्यावरही त्या तुकड्यांतील कर्ब शेजारच्या खत न दिलेल्या तुकड्याहून अधिक भरला! आजोबांनीं टाकलेलें खत नातवाच्या पिढींतही दिसतें तें असें. प्रतिमानाचें उत्तर या मोजणीशीं चांगलें जुळतें. परंतु ज्या प्रयोगांवरून आंकडे बसविले, त्याच प्रयोगांशीं गणित जुळलें यांत नवल तें काय? मुलास सोडवून दाखविलेलें उदाहरणच परीक्षेंत घालावें, तशांतला हा प्रकार. खरी पारख परक्या शेतांत व्हावयास पाहिजे.

तशी एक पारख १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. नऊ प्रतिमानें सात दीर्घकालीन प्रयोगांच्या मोजणीशीं ताडून पाहिलीं. रोथ-सी धरून सहांची चूक कमी निघाली, तीन मागें पडलीं; मात्र सर्वच ठिकाणीं सरस ठरलें असें एकही नाहीं. जपानांतील ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनींत तर रोथ-सीनें कर्ब प्रत्यक्षापेक्षां कमी दाखविला, कारण तेथील ॲल्युमिनियम ह्यूमसला धरून ठेवतें. म्हणून कुजण्याचा वेग बदलावा लागला. भाताच्या जमिनींसाठींही तसेंच करावें लागलें. सदा पाणी सांचलेल्या जमिनींत हें प्रतिमान मुळींच वापरूं नये, असें त्याच्या कर्त्यांनींच लिहून ठेविलें आहे. कोंकणांतील भातखाचरांचा आंकडा पुढें करणाऱ्यानें पाण्याचा हिशेब कसा धरला, हें प्रथम सांगावें.

आमच्या मतें प्रश्न कोणता यावर सर्व अवलंबून आहे. पऱ्हाटी जाळावी कीं कुजवावी, तीस वर्षांत कशानें कर्ब अधिक राहील, या तुलनेस प्रतिमान उपयोगी पडतें, कारण चूक झाली तरी ती बहुधा दोन्ही बाजूंस सारखीच होते. परंतु आपल्या एकाच शेतांत यंदा किती वाढ झाली, हें त्यास नेमकें सांगतां येणें कठीण. अर्धा टक्का कर्ब धरला तर एकरभर जमिनीच्या वरच्या फूटभर मातींत तो सुमारें ८ टन भरतो. वर्षांत एक क्विंटल वाढला, तरी ती वाढ सव्वा टक्क्याचीच. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत याहून अधिक फरक सांपडतो.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. आमच्यासारख्या जमिनींतील कोणत्या मोजणीशीं हें गणित ताडून पाहिलें? त्यांत चूक किती निघाली? आणि आरंभीं व पांच वर्षांनीं त्याच जागीं, त्याच खोलीवर मातीचे नमुने काढणार काय? शेवटच्या प्रश्नास नकार आला, तर निदान पेरणीपूर्वीं स्वतः नमुने काढून तपासून घ्यावे व त्यांचा दाखला जपून ठेवावा.